सातपूरच्या पाळीला सायकलने: कामाची सायकल निवडायची आणि जुळवायची कशी

नाशिकमधल्या मखमलाबाद नाक्याहून सातपूरच्या कारखान्यात मी सायकलने जातो. एका बाजूचं अंतर सुमारे नऊ किलोमीटर. पहिली पाळी सातची, म्हणून सहा-दहाला घर सोडतो. पोचायला चाळीस मिनिटं, उरलेल्या दहात तोंड धुवून कपडे बदलायचे.

या कामासाठी घेतलेली पहिली सायकल मी दुकानात उभी पाहून घेतली होती. जाडजूड टायर, पुढे शॉकअप, एकवीस गिअर. रुबाब एवढा की तिला मडगार्डच नाहीत हे माझ्या लक्षातही आलं नाही. जूनच्या पहिल्या पावसात महात्मानगरपर्यंत पोचेतो पाठीवर चिखलाचा पट्टा मानेपर्यंत चढला होता. गेटवर सुपरवायझर म्हणाले, "शेतातनं आलास का रे?" दिवाळीपर्यंत ती सायकल गॅलरीत गेली आणि तिच्यावर टॉवेल वाळत पडू लागले.

दुसरी सायकल मी स्वतः जुळवली. मधल्या काळात पाळीतल्या सात-आठ जणांना सायकली घेऊन दिल्या, दोघांना घेऊ दिल्या नाहीत. त्या अनुभवातून हे लिहितोय. रोज पाच ते पंधरा किलोमीटर जाणाऱ्यांसाठी आहे. हौसेखातर रविवारी त्र्यंबकला जाणाऱ्यांची गरज वेगळी असते.

आधी रस्ता, मग दुकान

कामाच्या दिवशी, कामाच्याच वेळेला, आपल्या रस्त्याने एकदा मोटरसायकलवर हळू जा आणि पाच गोष्टी कागदावर लिहा: अंतर, चढ कुठे आहेत, रस्ता कुठे फुटलाय, सोबत काय न्यायचंय आणि दोन्ही टोकांना सायकल कुठे उभी राहणार.

नाशिक सपाट आहे असं सांगणारा माणूस सहसा स्कूटरवरचा असतो. पंचवटीतून निघालं की आधी रामवाडीच्या पुलाकडे उतार, मग अशोकस्तंभाकडे चढ, आणि तिथून सातपूरपर्यंत डोळ्यांना न दिसणारी पण मांड्यांना कळणारी संथ चढण. साहजिकच आहे, गोदावरी पश्चिमेकडून पूर्वेला वाहते आणि आपण तिच्या उगमाच्या दिशेने जात असतो. त्यात पावसाळ्यातला वारा पश्चिमेचा. म्हणजे जुलैत सकाळी चढ आणि वारा दोन्ही तोंडावर, आणि संध्याकाळी दोन्ही पाठीशी. सातपूरला राहून नाशिकरोडला कामाला जाणाऱ्याचं बरोबर उलटं होतं: सकाळी मजेत जातो आणि दमून घरी येताना भोगतो. गिअर किती हवेत ते या हिशेबावर ठरतं, म्हणून चढ जातानाचा आहे की येतानाचा तेही लिहून ठेवा.

रस्ता निवडतानाही मोटरसायकलची सवय विसरा. पाचशे मीटर जास्त पडले तरी चालतील, पण द्वारका किंवा मुंबई नाका शिफ्ट सुटायच्या वेळेला सायकलवर ओलांडावा लागू नये. हायवेलगत जायचं तर सर्व्हिस रोडने. नदी ओलांडणाऱ्यांनी पावसाळ्यासाठी दुसरा, उंच पूल आधीच ठरवून ठेवावा. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या, म्हणजे आमच्या पुराच्या खुणेच्या, कमरेला पाणी लागल्याची बातमी आली की घाटाजवळचे रस्ते आणि सखल पूल गेलेच समजा, आणि वळसा घालायला वीस मिनिटं जास्त लागतात.

सायकल उभी करायची जागा लोक सर्वात शेवटी बघतात. तिसरा मजला, लिफ्ट नाही आणि खाली ठेवायची भीती वाटते, अशी गत असेल तर सायकलचं वजन हा तुमचा पहिला मुद्दा आहे. अठरा किलोची सायकल आठवडाभर जिन्याने वाहून बघा.

कोणती घ्यायची नाही

शॉकअपवाली आधी बाद करा. स्वस्त शॉकअप म्हणजे नळीत घातलेली स्प्रिंग. खड्ड्यात ती जेवढा धक्का खाते त्याहून जास्त तुमचा जोर चढावर खाते, वजन वाढवते आणि दोन पावसाळ्यांत गंजून खुळखुळते. खड्ड्यांचं काम टायर करतो. पुढचं चाक धरणारा साधा ताठ चिमटा आणि ३५ ते ४५ मिलिमीटर रुंदीचा टायर हे आपल्या रस्त्यांना पुरतं. २०२७च्या सिंहस्थासाठी जागोजाग कामं काढलेली आहेत, त्यामुळे ३२च्या खाली जाऊ नका.

दुसऱ्या टोकाची, खाली वाकलेल्या हँडलची रेसिंग सायकलही नको. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पूर्ण केली, जवळपास ४,८०० किलोमीटर. त्याचा अभिमान मलाही आहे. पण त्यांना डबा न्यायचा नव्हता. कॅरिअर आणि मडगार्ड बसवायला ज्या सायकलच्या मागच्या एक्सलजवळ आटे पाडलेली भोकंच नाहीत, ती कामाची नाही. दुकानात गेल्यावर सगळ्यात आधी खाली बसून ही भोकं बघा. नसतील तर किंमत विचारायचेही कष्ट घेऊ नका.

उरते ती हायब्रीड नावाने विकली जाणारी सरळ हँडलची सायकल, किंवा आपली जुनी काळी सायकल. काळीला हसू नका. पूर्ण चेनकव्हर, पक्के मडगार्ड, मजबूत कॅरिअर आणि पुढे ३२, मागे ४० स्पोक. पाच किलोमीटरच्या सपाट रस्त्याला, म्हणजे सिडकोतून अंबडला, तिच्याइतकी बिनत्रासाची दुसरी नाही. पण ती जड असते, आणि सळईचे ब्रेक पावसात नुसते सल्ला दिल्यासारखे लागतात.

बॅटरीवाल्या सायकलबद्दल एवढंच: मोटर २५० वॅटपेक्षा आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल तर नोंदणी किंवा लायसन्स लागत नाही. गुडघे कुरकुरतात किंवा अंतर पंधराच्या वर आहे अशांनी जरूर बघावी. सिन्नरच्या एमआयडीसीत कामाला असलेल्यांनी मात्र मोहदरी घाट आठवावा आणि कंपनीच्या बसने जावं.

माप

अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांच्या मध्ये, कणा वर करून, सीटवर बसल्यासारखं घट्ट वर दाबा. जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर म्हणजे तुमच्या पायाचं माप. त्याला ०.८८३ने गुणलं की दोन्ही पायडलच्या दांड्या ज्यावर फिरतात त्या मधल्या एक्सलपासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. माप ७८ सेंटिमीटर असेल तर उंची जवळपास ६९. पडताळा सोपा आहे: सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा, पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा सरळ व्हायला हवा. मग पंजाने चालवताना तो आपोआप किंचित वाकलेला राहतो.

आपल्याकडे दहातले सात जण सीट फार खाली ठेवतात, कारण थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकायला हवेत असं लहानपणी डोक्यात बसलेलं असतं. सिग्नलला सीटवरून पुढे उतरायचं असतं. सीट योग्य उंचीला नेली की बऱ्याच जणांची गुडघेदुखी कमी होते आणि गिअर कमी पडतात ही तक्रारही जाते.

फ्रेम बघताना दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभे राहा. दांडा आणि तुमच्यात दोन-तीन इंच जागा हवी. साडी किंवा लांब कुर्ता नेसून-घालून जायचं असेल तर उतरत्या दांड्याची फ्रेम, मागच्या चाकाला जाळी आणि चेनकव्हर, हे तिन्ही एकत्र हवं. एक असून दोन नसतील तर उपयोग नाही.

गिअर: दात मोजा

दुकानदार गिअरचा आकडा सांगतो. तुम्ही दात मोजा. पुढच्या चक्राचे दात भागिले फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राचे, दात, गुणिले चाकाचा परीघ. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल तेवढे मीटर जाते.

माझंच उदाहरण घ्या. पुढे ४४, मागे १८. भागाकार २.४४. मोठ्या चाकावर ३५चा टायर असेल तर परीघ २.१७ मीटर. म्हणजे एका फेऱ्यात ५.३ मीटर. मिनिटाला ७० फेरे मारले, जे सहज जमतात, तर ताशी २२ किलोमीटर. सपाट रस्त्याला एकदम छान. आता जुलैतली सकाळ घ्या. समोरून वारा, अशोकस्तंभाचा चढ, वेग ताशी १२. त्याच गिअरमध्ये मिनिटाला जेमतेम ३८ फेरे होतात. ते पायडल मारणं नसतं, जिना चढणं असतं. उलट पुढे ३४, मागे २८ असा हलका जोड असेल तर तोच ताशी १२चा वेग ७५-७६ फेऱ्यांत, श्वास न फुलता येतो.

म्हणून माझं मत असं: सिडको-अंबड, इंदिरानगर-पाथर्डी फाटा असल्या छोट्या टप्प्यांना गिअर नसलेली सायकल उत्तम, फक्त मागचं फ्रीव्हील १८ऐवजी २०चं टाका. पंचवटी-सातपूरसारख्या रस्त्याला पुढे एकच चक्र आणि मागे सात-आठ दाती, म्हणजे दातेरी चकत्या, पुरतात. पुढची तीन चक्रं म्हणजे बिघडायला आणखी एक जागा. एकवीसमधले निम्मे गिअर तसेही एकमेकांचीच नक्कल असतात.

ब्रेकचं थोडक्यात सांगतो. डिस्क असेल तर पावसात फायदा, पण अगदी स्वस्त डिस्क सतत घासते आणि तिचा आवाज दिवसभर कानात राहतो. चांगल्या दोन भुजांचे रबरी ब्रेक मला पुरतात. ओल्या रिमवर पहिला फेरा ते पकडत नाहीत, म्हणून पावसात चौकाच्या आधीच हलके दाबून रिम पुसून घ्यायची सवय लावा.

स्वतः जुळवायची असेल तर

आता माझा आवडता भाग. कोणाच्या तरी पार्किंगमध्ये पंधरा-वीस वर्षांपूर्वीची, शॉकअप नसलेली, लोखंडी फ्रेमची २६ इंची जाड टायरची सायकल धूळ खात पडलेली असते. तीच शोधा. तिला गिअरचं चाक बसेल एवढी मागे रुंदी असते, ब्रेक बसवायचे खुंटे फ्रेमला आधीच जोडलेले असतात, आणि टायर आजही मिळतात.

काळ्या सायकलची फ्रेम घेऊन तिला गिअर लावायचा मोह अनेकांना होतो. मलाही झाला होता. मागच्या चिमट्याची आतली रुंदी टेपने मोजली तर ११० ते १२० मिलिमीटरच्या दरम्यान निघते, आणि गिअरच्या चाकाचा हब, म्हणजे मधला भाग, १३० किंवा १३५चा असतो. पाय लावून फाकवून बसवणारे मिस्त्री आहेत. मग चाक एका बाजूला ओढतं आणि चेन पडते. शिवाय सळईचे ब्रेक रिमच्या आतल्या बाजूला दाबतात, त्यामुळे तिच्या रिमला नव्या ब्रेकने पकडायला सपाट कडाच नसते. एक बदलायला गेलात की चाकं, ब्रेक, हँडल सगळंच बदलत जातं. ती फ्रेम आहे तशीच बिनगिअरची ठेवा.

फ्रेम हातात आली की ती धुवा, वाळवा आणि उन्हात घेऊन बसा. जोडांजवळ, विशेषतः हँडलखालच्या नळीपाशी आणि पायडलच्या पेटीपाशी, रंगात केसासारखी रेघ दिसते का ते नखाने तपासा. रंगाला पापुद्रा असेल तर खरवडा. खाली लोखंडही चिरलेलं असेल तर फ्रेम भंगारात, वेल्डिंगच्या भानगडीत पडू नका. मग सीटची दांडी निघते का बघा. वर्षानुवर्षं न हललेली दांडी आत गंजून चिकटते आणि तुमच्या उंचीला सीट येणार नसेल तर बाकी सगळं फुकट. मी जुनी फ्रेम घेण्याआधी हातोडी नाही, आधी दांडी फिरवून बघतो.

टायर घेताना इंचांवर जाऊ नका. २८ इंची म्हणून दोन वेगळी मापं चालतात, काळ्या सायकलचं ६३५ आणि हायब्रीडचं ६२२, आणि एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. २६ इंचीतही तसंच, ५५९ आणि ५९०. टायरच्या कडेवर 'चाळीस-पाचशे एकोणसाठ' असा जोडआकडा असतो: पहिला रुंदी, दुसरा रिमचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा जुळला पाहिजे, बस्स. जुन्या जाड गोट्यांच्या टायरऐवजी २६ बाय १.५ किंवा १.७५चे गुळगुळीत नक्षीचे टायर टाकले की तीच सायकल वेगळी वाटते.

पैशांची वाटणी मी अशी करतो: खर्चायच्या दर दहा रुपयांतले चार चाकं आणि टायरवर, दोन ब्रेक, केबल आणि रबरांवर, दोन चेन आणि दातींवर, उरलेल्या दोनात सीट आणि बारीकसारीक. रंगावर शून्य. गंजलेल्या दिसणाऱ्या सायकलला चोरही कमी विचारतो.

चाक मात्र मिस्त्रीकडून करून घ्या. भद्रकालीत मी ज्यांच्याकडे जातो ते काका सत्तरीचे असतील. चाक चिमट्यात उलटं लावतात, रिमजवळ खडूचा तुकडा धरतात आणि फिरवतात. जिथे खडू लागतो तिथे आऊट. समोरच्या बाजूचा स्पोक पाव फेरा आवळायचा, याच बाजूचा पाव फेरा सैल. मी एकदा घाई करून अर्धा फेरा आवळला. ते काही बोलले नाहीत, चाक माझ्या हातून घेतलं, दोन-दोन स्पोक जोडीने बोटांनी दाबत पूर्ण गोल फिरले आणि म्हणाले, "भाऊ, हे नटबोल्ट नाही. सगळ्यांनी सारखं ओढलं पाहिजे." एक स्पोक जास्त ताणला की शेजारचा सैल पडतो आणि महिन्याभरात तुटतो. दुहेरी भिंतीची रिम आणि मागे ३६ स्पोक घ्या. डबा, कपडे आणि तुमचं वजन मागच्याच चाकावर येतं.

जोडणीचा क्रम: आधी हँडलच्या आणि पायडलच्या पेटीतले छर्रे धुवून ताजं ग्रीस, मग चाकं, मग ब्रेक, मग चेन, सगळ्यात शेवटी गिअरची केबल. पायडल लावताना सावध राहा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. मी फिटर माणूस, रोज हजार बोल्ट फिरवतो, तरी पहिल्या खेपेला सवयीने आवळला आणि ॲल्युमिनियमच्या क्रँकचे, म्हणजे पायडलच्या दांडीचे, आटे उडवले. नवा क्रँक घ्यावा लागला. आता आधी हाताने चार आटे बसवतो, मगच पाना.

बिनगिअरची करणार असाल तर मागे चाक पुढेमागे सरकेल अशी आडवी खाच असलेली फ्रेमच घ्या, नाहीतर चेन ताणता येत नाही. चेन मध्यावर बोटाने दाबली की वरखाली मिळून साधारण सेंटिमीटरभर हलावी. मागून एक डोळा मिटून बघा, पुढचं चक्र आणि फ्रीव्हील एका रेषेत हवं.

अंगावरचं सामान

मडगार्ड पूर्ण लांबीचे घ्या, पुढच्याला खाली रबरी जीभ लावा. टायर आणि मडगार्ड यांच्यात बोटभर जागा सोडा. आपली काळी माती त्यात साचली की चाक अक्षरशः थांबतं. मखमलाबादच्या मळ्यांतून येणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. डबा आणि कपडे पाठीवर नकोत, कॅरिअरला लावलेल्या पिशवीत हवेत, म्हणजे नाशिकच्या एप्रिलातही शर्ट कोरडा राहतो. मागे लाल दिवा, पुढे पांढरा, पण पुढच्याचं तोंड रस्त्याकडे झुकवा. समोरच्या ट्रकवाल्याच्या डोळ्यात मारून आपलाच तोटा. हेल्मेट घाला. कुलूप फ्रेम आणि चाक दोन्हींतून, आणि खांबाला.

काट्यांचं काय? बाभळीचा काटा इथे पाचवीला पुजलेला. टायरच्या आत जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून घालतात, तो उपाय चालतो, फक्त कडा तिरक्या कापा, नाहीतर पट्टीच ट्यूब घासते. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. काटा राहिला असेल तिथे कापूस अडकतो. बोटाने शोधलात तर तो बोटात सापडेल. हवा माझ्या सत्तर किलोंना मागे ५० पीएसआय, पुढे ४५. पंपावर भरता यावी म्हणून ट्यूबला मोटरसायकलसारखा वॉल्व्ह घ्या.

पहिले पंधरा दिवस

सोमवारी एकदम कामाला नेऊ नका. रविवारी सकाळी डबा, कपडे, पाण्याची बाटली, सगळं लादून त्याच रस्त्याने जाऊन या आणि घड्याळ लावा. मग पहिल्या आठवड्यात एक दिवस, दुसऱ्यात तीन दिवस.

शंभर-दीडशे किलोमीटर झाले की नव्या सायकलचं सगळं थोडं सैल पडतं. केबल ताणतात, स्पोक बसतात, क्रँकचे बोल्ट ढिले होतात. तेव्हा मिस्त्रीकडे एक फेरी हवीच. चेनला आठवड्यातून एकदा दोन थेंब तेल आणि फडक्याने कोरडी पूस. बाहेर तेल चकाकत राहिलं तर ते धूळच गोळा करतं. खोबरेल लावणारे आहेत अजून. ऑक्टोबरपर्यंत ठीक, पण डिसेंबरच्या पहाटे नाशिकच्या थंडीत ते चेनमध्ये तुपासारखं गोठतं.

चेन झिजली का ते शाळेतल्या पट्टीने कळतं. एका पिनवर शून्य ठेवा, तिच्यापुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. एक सोळांश पुढे गेली असेल तर चेन बदला. एक अष्टमांश गेली असेल तर उशीर झालाय, मागच्या दातीही बदलाव्या लागतील. माझी गेल्या आषाढात नेमकी अष्टमांशवर सापडली, आणि पट्टी मुलीच्या दप्तरातली होती, तीही तेलकट झाली.